सतरा मिली

धाकटा अपघातात गेला, त्याला वर्ष उलटलं, तेव्हा कुठे थोरल्याने त्याची मोटरसायकल उघडली. धाकट्या पठ्ठ्याने घरीच घासूनपुसून सुधारलेलं इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, निदान जोडून तरी ठेवावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

त्याने हेड स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटं ठेवलं. मधल्या खळग्यावर ग्रीस लावून पारदर्शक चकती बसवली आणि तिच्या भोकातून सिरिंजने रंगीत पाणी सोडलं. खळग्यात किती मावतं ते मोजायचं होतं. धाकट्याने वहीत लिहून ठेवलं होतं, सतरा मिली.

सतरा झाले. पन्नास झाले. खळगा काही भरेना.

गळत असणार, म्हणून त्याने खालून हात फिरवला. टेबल कोरडं ठणठणीत होतं.

पुन्हा सिरिंज भरून लावली आणि त्याने अंगठा उचलला. दट्ट्या आपोआप खाली सरकतच राहिला. खळग्यातून आवाज येत होता. तीन घोट, मग दम. तीन घोट, मग दम.

आतल्या खोलीत आई पडून होती. वर्षभरात तिने तोंडातून शब्द काढला नव्हता.

"सावकाश पी रे," ती म्हणाली, "ठसका लागेल."