कोरा पडदा

"दादा, आटप ना लवकर, बॉयलर पेटवायचाय," धाकट्याने काल घाई लावली होती. मी बॉयलरच्या सगळ्या जोडांवरून प्रोब फिरवला. आत भेग असली की प्रोबमधून गेलेला आवाज तिच्यावर आपटून परत येतो आणि यंत्राच्या पडद्यावर रेघ उठते. एकही उठली नाही. मी तपासणीच्या कागदावर सही ठोकली.

आज प्रोबची पेटी उघडली, तर जेलची बाटली सीलबंद! जेल न लावता प्रोब टेकवला, तर आवाज लोखंडात शिरतच नाही. पडदा कोराच राहतो.

धाकट्याला फोन लावला आणि घसा फाटेपर्यंत ओरडलो, "बॉयलर बंद कर! बाहेर पळ!"

"दादा, इथे काहीच ऐकू येत नाहीये रे," तो बॉयलरशेजारून हसत ओरडला. "पण तुझी सही बघितली आणि बिनधास्त प्रेशर वाढवलं!"