कानात कुर्र

ताईने माझ्या लेकीच्या कानात ‘कुर्र’ करून ‘शाल्मली’ हे नाव सांगितलं. बायकांनी ताईच्या पाठीत धपाटे घातले, सगळं घर हसलं. मीही हसलो, आत मात्र काहीच हललं नाही.

माझं पाठदुखीच्या गोळ्यांचं व्यसन सुटलं होतं, पण आनंद काही परतला नव्हता. “मेंदूला तो पुन्हा शिकावा लागतो, धीर धरा,” व्यसनमुक्ती केंद्रातले डॉक्टर म्हणाले होते.

तेवढ्यात माझ्या मागे सासूबाईंनी बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप काढली. कट्‌कन एक गोळी त्यांच्या हातावर पडली. माझ्या छातीत धडधडलं, तोंडाला पाणी सुटलं, डोळे भरून आले.

“बघा, लेकीचं नाव ऐकून बाबा कसा विरघळला!” बायको हरखून म्हणाली.

मी पाळण्यावर वाकलो. कान अजून त्या स्ट्रिपकडेच लागले होते.