बांडीचं दूध

बाळांनो, जरा डोळे मिटा. संगमनेरच्या पठारावरची एक विहीर डोळ्यांपुढे आणा. उन्हाळ्यानं पाणी खोल गेलेलं, वाकून पाहिलं की आपलंच तोंड खाली एवढंसं दिसतं. आता समजा, तुम्ही तिच्या काठावर उभे आहात. हातात काहीतरी ऊबदार आहे आणि ते तुमचं बोट चोखतंय. तुम्हाला ते खाली टाकायचं आहे.

यशोधरा तशी उभी होती.

तिच्या हातात कुत्रीचं पिल्लू होतं. शेजारच्या काकासाहेबांच्या वैरणीच्या गंजीतून तिनं ते नुकतंच उचलून आणलं होतं. त्याच्या आईनं परवा गोठ्यात शिरून बांडी शेळीची दोन्ही करडं फाडली होती. ती करडं यशोधरेच्या मांडीवर झोपायची. आजीबरोबर ती गाऱ्हाणं घेऊन गेली, तेव्हा काकासाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मान वर न करताच म्हणाले, “तुमच्या आज्या-पणज्यानं कधी शेळ्या राखल्या व्हत्या का? रक्तातच न्हाई तुमच्या ते. करडं सांभाळता येईनात, आन् आमच्या कुत्रीला नावं ठेवता.”

त्या अडकित्त्याचा आवाज अजून तिच्या कानात होता.

मागून तिची आजी, आक्काबाई आली. नातीच्या मनात काय आहे ते आक्काबाईला एका नजरेत कळलं. तिनं नातीला मागं ओढलं नाही.

“टाक,” ती म्हणाली. “लेकरू गेल्यावर कसं व्हतं, ते कळू दे त्या रांड कुत्रीला.”

यशोधरेनं हात विहिरीवर लांब केले. पिल्लानं बोट सोडलं नाही.

“आजे, ह्यानं काय केलंय?”

“आज न्हाई केलं. उद्या करंल. आईच्या अंगावर पितंय, आईवानीच निपजनार. रक्तातच हाय त्याच्या.”

यशोधरेचे हात तसेच राहिले.

“काकासाहेब बी आपल्याला असंच म्हनले,” ती म्हणाली.

आक्काबाईचा पाय मागं सरला. विहिरीच्या कडेचं एक ढेकूळ निसटलं. पाण्यात पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

यशोधरेचा राग गेला असं समजू नका. तो होता तिथंच होता. पण गोठ्यात बांडी ओरडत होती. परवापासून ती अशीच ओरडत होती. धार काढली तरी कास पुन्हा तटतटायची, आणि दर आवाजाला ती करडांच्या जागेकडे मान वळवायची.

यशोधरा काठावरून मागं सरली. पिल्लू छातीशी धरून तडक गोठ्यात गेली. करडं ज्यावर निजायची ते गोणपाट कोपऱ्यात तसंच पडलं होतं. तिनं ते उचललं आणि करडांचा वास लागावा म्हणून ती त्यानं पिल्लाला पुसू लागली. पोट, पाठ, कान, शेपूट. पिल्लू कुंईकुंई करत राहिलं.

“आगं, काय करती?” आजी दारात येऊन उभी राहिली.

“मागं आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली व्हती ना, तवा त्या मेंढपाळाच्या बाईनी सांगितलं व्हतं. पिल्लू न्हान असतानाच कोकरात सोडायचं. त्यांच्यात निजलं, त्यांचं दूध प्यालं, की ते त्यांचंच व्हतं. मग ते कळपाजवळ कुनाला येऊ देत न्हाई.”

“कुनाला?”

“लांडग्याला.” यशोधरेनं पिल्लाचे पाय पुसले. “आन् त्याच्या आईला बी.”

आक्काबाई नातीकडे बघत राहिली. असं बघणं यशोधरेनं पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. “काकासाहेब मागाया आला म्हंजी?”

“येऊ दे की. न्हाई तरी गुरगुरायला शिकवायचंच हाय त्याला.”

तिनं पिल्लू कासेला लावलं. बांडीनं मान वळवून हुंगलं, तिचं ओरडणं क्षणभर थांबलं, आणि मग तिनं अशी लाथ झाडली की पिल्लू गव्हाणीखाली जाऊन आदळलं. यशोधरेनं ते उचललं. पुन्हा गोणपाटानं चोळलं, पहिल्यापेक्षा जोरानं. बांडीच्या कासेचं दूध बोटावर घेऊन त्याच्या तोंडाला लावलं. पुन्हा लाथ. पुन्हा गोणपाट.

शेवटी आक्काबाई पदर खोचून आत आली. तिनं बांडीची शिंगं धरली, कपाळ तिच्या कपाळाला लावलं आणि हळू आवाजात तिच्याशी काहीतरी बोलू लागली. काय ते यशोधरेला ऐकू आलं नाही. बांडीच्या अंगावरून एक थरथर गेली आणि तिचे पाय थांबले. पिल्लाला सड सापडला. बांडीनं पान्हा सोडला आणि गोठ्यात चुटूचुटू आवाज सुरू झाला.

गोठ्याच्या एका बाजूला तुरकाट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या बांधून केलेली ताटी होती. त्या ताटीपलीकडे काकासाहेबांचा ओटा. परवापासून ती ताटी घट्ट बांधून ठेवली होती.

यशोधरा उठली. तिनं ताटीची दोरी सोडली आणि ओट्यावरून काकासाहेबांना बांडीला पिणारं पिल्लू नीट दिसेल एवढी ती उघडली.