दुपारची हाक

बाराला दोन मिनिटं कमी होती. वायोला पेलीने माईकच्या बटणावर गेलेला हात मागे घेतला आणि मांडीवर दाबून धरला.

सात महिने शाळेच्या या कचेरीतून रोज बाराच्या ठोक्याला तिचीच हाक जात आली होती. 'डॅनिका कीपिंग, कचेरीत ये.' पोरगी एका हाकेत आली असेल तर शपथ. दुसरी हाक, तिसरी हाक, मग गुडघ्यांना शिव्या घालत वायोलाच उठायची. डॅनिका कधी जिन्याखाली सापडे, कधी मागच्या कुंपणापाशी, खाडीतले हिमनग मोजताना. तिला धरून आणायचं. रिकाम्या पोटी नको म्हणून आपल्या डब्यातलं अर्धं बिस्कीट द्यायचं. गोळी घशाखाली उतरलेली पाहायची आणि वहीत लिहायचं, 'दिली'. एक दिवस म्हणून चुकला नव्हता. वायोलाला त्या वहीचा भारी अभिमान होता.

त्याच वहीने घात केला.

नऊ वर्षांच्या डॅनिकाला एडीएचडी होता. गोळीने तिचं मन थाऱ्यावर येई, पण जेमतेम साडेतीन-चार तास. साडेतीनला, नेमकी बस सुटताना, अंमल उतरायचा. गेल्या महिन्यात तिने धावत्या बसचं मागचं दार उघडलं होतं, का तर रस्त्याकडेला मूस जातीचं दांडगं हरीण दिसलं म्हणून. बसवाला क्लेटन पांढराफटक पडला होता. "अजून एकदा असं झालं, की हिची जागा गेली," त्याने सांगून टाकलं. घर पन्नास किलोमीटरवर. आई ट्रूडी खेकड्यांच्या कारखान्यात, हंगाम ऐन भरात, आणि पोरीला आणायला-पोचवायला दुसरं कोणी नाही. सकाळी एकदा घेतली की संध्याकाळपर्यंत पुरेल अशी गोळी होती. गँडर शहरातल्या डॉक्टरांनी ती लिहूनही दिली. पण सरकारी औषध योजनेचं म्हणणं असं, की आधी साधी गोळी जमत नाही हे दाखवा, मग लांब पल्ल्याची मंजूर करू. अर्जासोबत वहीची प्रत गेली आणि उत्तर आलं. दुपारची गोळी एकदाही चुकलेली नाही, सबब साधी गोळी पुरेशी आहे.

काल ट्रूडी ते पत्र घेऊन आली होती, कारखान्याच्या रबरी बुटांतच.

"वायोलामावशी, तुम्ही इतकं चांगलं का वागलात हो?" ती हसायला गेली आणि रडली. "उद्या डॉक्टर पुन्हा एकदा अर्ज पाठवणार आहेत. मी दोनला वहीची प्रत न्यायला येते. काही वेगळं दिसलं तर बरं, म्हणाले. नाहीतर मग पुढचं वर्ष."

वेगळं दिसायला एकच दिवस हातात होता. वायोलाने ठरवलं, आज हाक मारायची नाही. खोटं काही लिहायचं नव्हतं. फक्त एक ओळ कोरी ठेवायची होती.

बारा वाजले. बाहेर डबे उघडल्याचा गलका झाला. बारा-पाच. वायोलाने टाचण्या डबीत भरल्या, पुन्हा ओतल्या. बारा-दहा. पोर आता दुपारभर बाईंची बोलणी खाणार. बारा-वीस. आणि बस? गोळीचा उरलासुरला अंमलही नसताना ती बसमध्ये बसली आणि पुन्हा ते दार उघडलं तर? या वेळी खाली पडली तर? कसली मेली कोरी ओळ! वायोलाने झटकन बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. डॅनिका धापा टाकत उभी होती. एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

"मिस, तुम्ही हाकच नाही मारलीत! मला वाटलं, मेलात की काय."

वायोलाच्या जिवात जीव आला, आणि पुढच्याच क्षणी काळजात धस्स झालं. तीन-तीन हाकांना न येणारी पोर आज आपण होऊन आली होती. हे वहीत लिहायचं कसं? मुलीला आठवण राहते, म्हणतील, आणि अर्ज निकालात.

"आहे गं बयो, जिवंत आहे," ती म्हणाली आणि बिस्कीट मोडलं. "बस."

डॅनिका बसली. बिस्कीट खाल्लं. आज हिमनग सातच आहेत, एक फुटला, असं सांगितलं. उठून वायोलाच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं, आणि समाधानाने दाराकडे निघाली.

"अगं, आणि ज्यासाठी आलीस ते?"

डॅनिका थांबली. तिने विचार केला, अगदी मनापासून केला.

"तुम्हालाच तर बघायला आले होते," ती म्हणाली.

वायोलाने गोळी तिच्या तळहातावर ठेवली.

"अय्या, ही!" डॅनिकाने ती गिळली आणि पळाली.

वायोलाने डोळे पुसून वही पुढे ओढली. 'दिली' या एका शब्दामागे किती हाका होत्या आणि किती जिने, हे सात महिन्यांत तिने कधी लिहिलंच नव्हतं. दोन वाजायला अजून वेळ होता. तिने एक कोरा कागदही काढून ठेवला, मागचं सगळं लिहायला. पण आधी आजची ओळ.

'बारा पंचवीस. हाक मारली नाही. मला बघायला आपण होऊन आली. बिस्कीट खाल्लं, परत निघाली. गोळी तिच्या गावीही नव्हती.'