नऊशे एकावा दुष्काळ

"किती दुष्काळ घातलेस यात?" सुग्रीवनं लॅपटॉपकडं बोट केलं.

"नऊशे, आबा," अंजना म्हणाली.

मी नांदूरघाटच्या पाणी सोसायटीचा सचिव. ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. एकट्या सुग्रीवची राहिली होती, आणि विहीर त्याचीच. सोसायटी ओढ्यावर बंधारा घालणार, मुरलेलं पाणी त्याच्या विहिरीतून वीस शेतांना जाणार. विहीर आटली तर त्याची साठ मेंढरं जाणार. इंजिनिअर अंजनाचं सॉफ्टवेअर पाऊस, पंप, पिकं यांचे आकडे दरवेळी बदलून अख्खं वर्ष चालवून बघत होतं. सकाळपासून नऊशे दुष्काळी वर्षं झाली. विहीर एकदाही आटली नव्हती.

"बहात्तरचा घातला का?"

"या विहिरीची तेव्हाची नोंद कुठंच नाही."

"माझ्यापाशी हाय, लिव्ह. दिवाळीला तीन परस पाणी. संक्रांतीला एक. पाडव्याला मी दोर बांधून खाली गेलतो, तवा घोट्याइतकं. त्या साली आमचं एक मेंढरू राहिलं न्हाई."

अंजना तिथलीच. परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली, हे तिला विचारावं लागलं नाही. तिनं आकडे घातले. पडद्यावर लाल रेघ आली.

"बंधारा घालूनही चैत्रात आटते," ती म्हणाली. पोरीनं लपवलं नाही, हे मला फार आवडलं.

"एका सालापायी कावून अडतोस, सुग्रीवा?" चेअरमन सुंदरराव म्हणाले.

अंजनानं पंप, पाण्याच्या पाळ्या, पिकं उलटीपालटी करून त्याच सालाच्या चाळीस तऱ्हा लावल्या. चहा येईस्तोवर झाल्या. एकोणचाळीस लाल. एक हिरवी: संक्रांतीनंतर उसाला पाणी बंद.

वीस शेतांत ऊस फक्त सुंदररावांचा होता. यंत्राला चेअरमन कोण ते ठाऊक नव्हतं.

सुंदररावांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"ठरावात लिव्ह," ते मला म्हणाले. "संक्रांतीनंतर बंद."

सुग्रीवनं पेन घेतला.

"आमाला एकेक गोष्ट कळायला एकेक दुष्काळ लागला. दर टायमाला जनावरं गेली. हिनं सकाळधरनं हजारभर दुष्काळ काढले, अन् एक मेंढरू मेलं न्हाई. लई मोठं काम हाय, पोरी."

त्यानं सावकाश सही केली. मग खुर्ची लॅपटॉपजवळ ओढली.

"आता ते बहात्तरचं परत एकदा चालव," तो म्हणाला. "आमची तवाची मेंढरं पावसापातुर जगतेत का, ते बघू दे."