डावऱ्याचा खांदा

डावऱ्यानं हातातोंडाशी आलेला बॉल घालवला तशी बाकांवरची माणसं हळहळली. एकटी उस्तादची बायको मान खाली घालून पर्सच्या चेनशी चाळा करत बसली. चेहऱ्यावरचं कुणी वाचलं असतं तर पंचाईत झाली असती.

उस्ताद आठ, डावरा आठ. आधी नऊ डाव जिंकेल त्याची बाजी, म्हणजे हा सतरावा डाव शेवटचा. टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये आज पूलचं एकच टेबल चालू होतं. बाकीच्या टेबलांवर कुणी बसू नये म्हणून फळ्या टाकल्या होत्या, तर लोक फळ्यांवर बसले होते.

नवरा तिच्या शेजारून उठला, क्यूच्या काठीच्या टोकाला खडू लावला आणि टेबलाकडे गेला. चाल अगदी निवांत. सकाळी चहाचा थेंबसुद्धा बशीत सांडला नव्हता त्यानं. नाहीतर वर्षभर त्यानं कप उचलला की बशी वाजायची. हात थरथरतो हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांना ते बोलून दाखवत नव्हते. वीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं तरी शिकतोच.

चार दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "या सामन्यावर घर लावतोय."

तिच्या हातातली कात्री कापडातच थांबली. "अहो, आई राहतात त्यात!"

"दुप्पट होऊन येईल. मग क्यू खुंटीला. या जन्मात पुन्हा हात लावणार नाही."

"आणि नाही आलं तर?"

"येईल. एवढी एक गोष्ट मला पक्की माहितीय."

घर त्याच्या वडिलांचं, कागदांवर नाव त्याचं. आज सामन्याआधी त्यानं कागदांचं पाकीट पैजा घेणाऱ्या जाड्याच्या हातात दिलं आणि त्याच्या कानात दोन शब्द सांगितले. जाड्यानं भुवया उंचावल्या आणि वहीत टिपून घेतलं. त्या भुवया तिच्या जिव्हारी लागल्या. एके काळी याच हॉलनं त्याला उस्ताद हे नाव दिलं होतं.

मग पंचानं सगळ्यांना नियम ऐकवला होता. डाव संपायच्या आत ज्यानं पेच फिरवून आपली क्यू उघडली, तिचे दोन तुकडे केले, त्यानं हार मानली. कारण काहीही असो, पैजा त्याप्रमाणेच चुकत्या होतील.

तिनं आपली तजवीज मात्र कालच करून ठेवली होती. पडदे शिवायच्या दोन्ही मशिनी विकल्या आणि घरी सांगितलं, दुरुस्तीला टाकल्यात. आलेले पैसे घेऊन ती थेट डावऱ्याच्या खोलीवर गेली.

डावऱ्यानं पाकीट हातात तोललं. "जिंकलो तर माझ्यावर पैसे लावणारा मालक मला देतो त्याच्या तिप्पट आहे हे. पण ताई, मी हरायचं म्हटलं तरी उस्तादनं जिंकायला नको का?"

"तेवढं जिंकतील ते," ती म्हणाली. पायऱ्या उतरताना तिला रडू आलं, कारण आपलाच आपल्या बोलण्यावर विश्वास नव्हता.

आणि आता तेच डोळ्यांसमोर चाललं होतं. डावरा बिचारा इमानदारीनं बेइमानी करत होता. दहाव्या डावापासून खांदा चोळत होता, सोपे बॉल सोडत होता. पण नवराही सोडत होता. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते असं बाकावर बसून बघायला लागेल असं तिला वाटलं नव्हतं.

टेबलावर फक्त नऊ नंबरचा बॉल उरला. तो ज्याच्या हातून पडेल त्याचा डाव. नवरा वाकला. हात स्थिर होता.

बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटकडे गेला, कडेला आपटला आणि अगदी तोंडाशी येऊन थांबला.

"संपलं," नवरा शेजारी येऊन बसत म्हणाला. त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि तिच्या हातावर हात ठेवला. तो हात कोरडा आणि शांत होता.

डावरा उठला. आंधळ्यानं फुंकर मारली असती तरी पडला असता असा बॉल. हा चुकवला तर मालक त्याची हाडं मोजून हातात देणार, हे कुणालाही कळत होतं. त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले. आता सासूबाईंना खाटेवरून उठवायचं कसं आणि न्यायचं कुठं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

"आई गं! खांदा गेला!"

तिनं डोळे उघडले. डावऱ्याचा डावा हात लोंबत होता. क्यू काखेत दाबून तो उजव्या हातानं तिचा पेच फिरवत होता. एक फेरा, दोन फेरे, तीन. क्यूचे दोन तुकडे झाले.

हॉलमध्ये एकच गलका उठला. डावऱ्याचा मालक शिव्या घालत पुढे धावला. पंचानं उस्तादकडे हात केला.

"अहो, जिंकलात तुम्ही!" ती एकदम हसायलाही लागली आणि रडायलाही. "उठा ना. आधी ते कागद घेऊन येऊ."

नवरा उठला नाही. समोर जाड्या कागदांचं पाकीट आपल्या पिशवीत टाकून पिशवीचे बंद आवळत होता. नवऱ्याच्या गुडघ्यावर टेकलेली क्यू बाकावर खडखड वाजायला लागली.

"माझा हात गेलाय, हे तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

तिनं पर्सची चेन लावली. मग म्हणाली, "होतं."

"मलाही होतं," तो म्हणाला. "म्हणून तर घर मी डावऱ्यावर लावलं होतं."