वाटीभर शिरा

हिम्मतरावांचे दात हलायला लागले, भाकरी चावेना. म्हणून चतुराबाई दोन वर्षं त्यांना सकाळ-संध्याकाळ वाटीभर शिरा करून घालत होत्या.

शेवटी दोघं दात काढायला कोठी भागातल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी फॉरेनहून नव्यानेच आणलेल्या मशीनवर आधी बोटातलं रक्त तपासलं. "दांतां बाद में देखेंगे अम्मा. शुगर बहुत बढ़ गई, उसीच से हिल रहे. मीठा क्या खाते ये?"

चतुराबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

हिम्मतराव त्यानंतर वर्षभरच जगले. तेराव्याला सून चारुलता, मामंजींच्या आवडीचा म्हणून, त्यांच्या नावाच्या पानावर शिरा वाढायला वाकली. चतुराबाईंनी तिचा हात धरला.



"त्यांना नको वाढू गं. शुगर आहे त्यांना."